तिथी तपासावी

फोर्टातल्या दप्तरखान्यात सावे बस्ता आणून ठेवायचा,
धूळ माझ्याकडे येणार नाही अशा बेतानं,
आणि विचारायचा, बाई, आजही मीठच?
मीठच. सव्वीस वर्षं.
भांडुप, कांजूर, नाहूर, तुर्भं.
मणांचे आकडे, शेकडा तूट,
आगरांवरच्या मजुरांची हजेरी,
तिच्यात बायकांच्या पुढे निम्मा दर
आणि कुठे कुठे नावच नाही,
नुसतं 'याची सून'.

पंधरा मार्च अठराशे एकोणऐंशी.
कारकुनाचं तिरकं, जेवणाच्या घाईतलं अक्षर:
'समुद्राच्या जोराने रात्री बांध फुटला.
तयार रास विरघळून गेली.
कोणाचा दोष नाही.'
या तीन वाक्यांवर मी चौथं प्रकरण उभारलं.
भरतीचे आलेख काढले, वादळांची यादी जोडली,
किनारा माणसांना कसा वाकवतो ते सिद्ध केलं.
परीक्षकांनी वाखाणलं.
'इथे कर्ता समुद्र आहे, माणूस कर्म'
हे माझं वाक्य पोरं अजून पेपरात लिहितात,
त्याला मार्कही मिळतात.

यंदा दुसऱ्या आवृत्तीला फोटो हवा होता,
म्हणून गेले भांडुपच्या पंपिंग स्टेशनपलीकडे.
पाठीशी हायवे.
समोर ओस आगरं,
चौकटी-चौकटींत तिवरं घुसलेली,
आणि रोहित पक्षी, ज्यांचे फोटो काढायला
माझ्याआधी चौघं येऊन बसलेले.

जोमा मढवी बांधावर होते.
टाचा अशा, की भेगांत अजून पांढरं.
मी त्यांना माझं प्रकरण वाचून दाखवलं.
हौस, दुसरं काय.
एक डोळा मिटून त्यांनी सगळं ऐकलं,
मग म्हणाले, तिथी कंची?

तारीख आहे ना, मी म्हटलं.

तारीख साहेबाची. पानी तिथीवं चालतं.

फोनवर जुनं पंचांग शोधलं.
फाल्गुन वद्य अष्टमी.
होळी होऊन आठवडा.

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
'अष्टमीला भांग. भांगाचं पानी घोट्याला लागत नाय,
त्यो बांध फोरंल?
पुनवेचं उधाण साठवनीत कोंडलेलं असंल,
त्येच सोरलं कुनी राशीवं.
आतून.'

आतून.
सव्वीस वर्षं मी बाहेरून बघत होते, समुद्राकडून.

दुसऱ्या दिवशी तोच कागद उलटा केला.
मागे, शाई उतरलेली, अकरा मार्चची नोंद:
मजुरी मणामागे एक पैसा कमी.
वद्य अष्टमी, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत चंद्र नाही.
फावडी किती असतील? पाच? सहा?
त्यातलं एखादं 'याची सून'च्या हातात?
ते कुठल्याच बस्त्यात सापडायचं नाही,
कारण सापडू नये अशीच ती रात्र निवडलेली.

निघताना जोमा म्हणाले होते, लिवू नका.
इतकी वर्षं झाली, मी म्हटलं, आता कुणाला काय होणार?
'दर्यानं आळ घेतला अंगावं.
त्याला तरी खोटा कशाला पारता?'

प्रुफं आली. प्रकरण चौथं.
समुद्र कर्ता असलेलं वाक्य काढलं,
तिथे पोकळ जागा राहिली, ती भरली नाही.
आलेख ठेवले; आलेख बिचारे खरेच आहेत.
आणि पानाच्या तळाशी, बारीक टायपात,
टीप सत्तावन्न:
'तिथी तपासावी.'

सावे केळव्याचा. प्रुफं चाळता चाळता
त्या टिपेवर थांबला,
वर तारखेकडे गेला,
अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली.
माझ्याकडे बघितलं नाही.
बस्ता बांधला,
आणि रोजच्या एका गाठीवर
आज दुसरी मारली.